शुभेच्छुक तेजल

आकुर्डीच्या कॉलेजात पत्रकारितेचं एमए करणाऱ्या तेजलकडून नीला मॅडमनी एकच मंत्र घोकून घेतला होता: कोण, काय, कुठं, कधी, का. आता पास व्हायला एवढंच उरलं होतं, की चाकणच्या ज्या साप्ताहिकात ती इंटर्न होती, त्यात स्वतःच्या नावानिशी बातमी छापून आणायची.

बातमी घरातच होती. तिची आई कुशाबाई म्हशी ओढ्यावर न्यायची आणि तहानलेल्याच परत आणायची.

"पानी जांभळं झालंय. म्हशी हुंगत्यात अन् माझ्याकडं बघत्यात, जसं काय मीच वतलंय."

ओतत होता दादासाहेबांचा रंगाचा कारखाना. तेजलने पाइपचे फोटो काढले. दुसरी बाजू हवी म्हणून दादासाहेबांना फोन केला, तर ते म्हणाले, "ताई, चहाला या." तेवढंही बातमीत घालून तिने ती यशवंतरावांपुढे ठेवली. साप्ताहिकाचे संपादक तेच, जाहिराती आणणारे तेच, झाडू मारणारेही तेच.

"झकास. पण या अंकात दादासाहेबांचा वाढदिवस आहे. पूर्ण पान."

"मग पुढच्या अंकात?"

"पुढच्यात त्यांच्या पुतण्याचा."

"त्याच्या पुढच्यात?"

"तेजल, त्यांच्या घरात माणसं लई आहेत. असं कर, हे पान तूच लिही. फोटो मोठा, विशेषणं भरपूर."

तिने लिहिलं. या पट्ट्यात वाढदिवसाचं पान वाचायची रीत नाही. लोक फोटो बघतात आणि शुभेच्छुकांत आपलं नाव शोधतात. यशवंतरावांनी फोटो बघून सही केली. दादासाहेबांना छापलेल्या पानातल्या आपल्या मिशा इतक्या आवडल्या, की त्यांनी तेच पान फ्लेक्सवर चढवून चौकात लावलं. पण चाकणच्या चौकात ट्रॅफिक असं तुंबतं, की माणूस फ्लेक्ससुद्धा वाचून काढतो:

"रोज पहाटे आमच्या ओढ्यात कारखान्याचं जांभळं पाणी सोडणारे, म्हशींना उपास घडवणारे कार्यसम्राट दादासाहेब यांना उदंड आयुष्य लाभो. शुभेच्छुक: ओढ्यातले दिवंगत मासे, समस्त म्हशी आणि तेजल गोरक्ष शेवकरी."

कंपनीच्या बसमधल्या पोरांनी खिडकीतून फोटो काढले आणि ते गावोगावच्या ग्रुपवर फिरले. आधी फ्लेक्स उतरला. मग तपासणीवाले येणार म्हटल्यावर पाइपही.

यशवंतरावांचा फोन आला. "अगं, मला विचारायचंस तरी."

"सर, पानावर तुमची सही आहे."

"मी फोटो बघितला गं."

त्यांनी प्रमाणपत्र दिलं, पण त्यावर लिहिलं, 'जाहिरात विभागात काम केले.' कॉलेजात नीला मॅडमनी ते बाजूला सारलं आणि वाढदिवसाचं पान वाचलं. दोनदा. हसू येऊ नये म्हणून त्यांनी चष्मा पुसला.

"कोण आहे, काय आहे, कुठं आहे, कधी आहे. नावही आहे तुझं. 'का' कुठाय?"

"पुतण्याच्या वाढदिवसाला, मॅडम."

मॅडमनी पेन उघडलं आणि गुणपत्रक पुढे ओढलं.