शनिवारची गोळी

टांझानियाच्या नैर्ऋत्येला एक अरण्य आहे. रस्त्यानं पोचायला दोन दिवस लागतात, नाहीतर आठवड्यातून दोनदा एक छोटं विमान मातीच्या धावपट्टीवर उतरतं. ऑक्टोबरपर्यंत नदी आटते, डबकी उरतात आणि त्या चिखलात शेकडो पाणघोडे एकमेकांना रेटत पडून असतात. मला ते बघायचं होतं. पेंचला मी इतक्या वेळा गेलो होतो, की पारशिवनीकडून जाणारी सगळी वळणं पाठ होती. पण तिथून संध्याकाळी आपण हुडकेश्वरला घरी येतो. जिथून सहज परत येता येत नाही, असं जंगल मला हवं होतं. मी हे तेव्हा लोकांना मोठ्या अभिमानानं सांगायचो.

दोन महिने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला होता. ताटं मांडायची तर बायको तो आधी गुंडाळायची.

"काहून जाऊन राहिलो आपण एवढ्या दूर?" ती एकदा म्हणाली. "पेंचच्या वाघानं काय वाकडं केलं तुमचं?"

"तिथं सिंह आहे वं."

"सिंह हाये. दवाखाना हाये का?"

मी हसलो. दवाखाना नव्हता. जिथं राहणार होतो, त्या छावणीच्या पत्रात लिहिलं होतं, की कुणी आजारी पडलं तर विमान बोलवावं लागतं आणि ते उजेड असेल तरच उतरतं. तेवढं वाक्य मी तिला वाचून दाखवलं नाही.

तिला सांधेवात आहे. त्यासाठी ती वर्षानुवर्षं दर शनिवारी एक गोळी घेते. त्या गोळीनं अंगातली प्रतिकारशक्ती दबून राहते. आणि त्या प्रवासासाठी पीतज्वराची लस लागते, तिच्यात जिवंत विषाणू असतो. अशी औषधं घेणाऱ्यांना ही लस देत नाहीत, हे सूचनापत्रकात मी स्वतः वाचलं होतं. वाचून मी तिला एवढंच म्हणालो, "या शनिवारी गोळी घेऊ नको."

"गोळीचा उपास?" ती हसली. "बरं."

एक शनिवार चुकवला की झालं, असं मी खरंच मानलं, की मानायचं ठरवलं, ते आज सांगता येत नाही.

लसीकरण केंद्रात डॉक्टरांनी तिला विचारलं, "काही औषधं चालू आहेत?" तिनं माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात हे असंच होतं. बँकेत, शाळेत, दवाखान्यात, प्रश्न तिला आणि उत्तर माझं.

"नाही," मी म्हणालो. "ठणठणीत आहे."

लसीच्या दाखल्याचं पिवळं पुस्तक लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. पाचव्या दिवशी तिला ताप आला. "उकाड्यानं असंल," ती म्हणाली. विमानात प्रत्येकी पंधरा किलोच चालत होते, म्हणून मी वजनकाटा आकड्याला टांगून पिशव्या तोलत होतो. सहाव्या दिवशीही ताप उतरला नाही. मी थर्मामीटर बघायचो आणि मनात निघायला किती दिवस उरले, ते मोजायचो. सातव्या दिवशी ती खिडकीजवळ केस विंचरत बसली होती. तिनं मान वळवली तेव्हा डोळ्यांतला पांढरा भाग हळदीसारखा दिसला.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, "इतक्यात काही इंजेक्शन, लस वगैरे घेतली?"

या वेळी तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"नाही जी," ती म्हणाली.

मला वाचवायला बोलली ती. तापानं ओठ सुकले होते, पाण्याचा पेला हातात धरवत नव्हता आणि तरी तिला माझीच काळजी होती. मी लगेच खरं सांगितलं, असं इथं लिहिता आलं असतं. मी आधी दाराकडे पाहिलं. बाई कागदावर लिहू लागल्या, तेव्हा सांगितलं. लस, शनिवारची गोळी, माझं उत्तर, सगळं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि नर्सला हाक मारली.

आम्हाला न घेता विमान गेलं, त्या दिवशी ती अतिदक्षता विभागात होती. ती वाचली. पण पूर्वीसारखी झाली नाही. दुपारी बोलता बोलता तिला झोप लागते, आणि श्वास चालू आहे का, ते बघत मी बसून राहतो.

तपासणीला आम्ही अजून जातो. डॉक्टरांनी काही विचारलं, की सवयीनं ती माझ्याकडे बघते. मी उठतो आणि बाहेर बाकावर जाऊन बसतो. दार लागतं. आत ती काय सांगते, ते मला ऐकू येत नाही.