पाणंदीत लाठी फिरत नाही

कट्टा गावच्या शाळेत मुलींना लाठी शिकवायची शेवंती, पण शिट्टी असायची दाजी मास्तरांच्या गळ्यात. मास्तर कवायतीचे शिक्षक. घरी भात मागतानाही 'सावधान' म्हटल्यासारखे मागायचे. "शरीर लवचीक, मन कणखर! कोण अडवेल आपल्याला?" ते गरजायचे, आणि तीस मुली एका सुरात, "कोऽऽणी नाही!"

शेवंती त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. बावन्न सालच्या पंधरा ऑगस्टला तिनं लाठी अशी फिरवली होती की लाठी दिसेना, नुसता वारा ऐकू येई. तेव्हापासून सहा वर्षं ती मास्तरांच्या हाताखाली शिकवत होती. गाव तिला 'लाठीवाली बाय' म्हणे, आणि तिला ते आवडे.

अठ्ठावन्नच्या श्रावणात तुळसाची यशोदा सरावाहून घरी चालली होती. सातवीतली पोर, शेवंतीच्या मुलींत सगळ्यांत चपळ. वाटेत पाणंद लागते, दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचे गडगे, चिऱ्यांच्या भिंती. तिथे भाई दुकानदारांचा बाळा आडवा उभा राहिला. यशोदेनं शिकवल्याप्रमाणे पवित्रा घेतला आणि लाठी फिरवली. एक टोक या गडग्यावर आपटलं, दुसरं त्या गडग्यात रुतलं. बाळानं लाठी हिसकली, तिचा हात पिरगळला. मागून कुणाची तरी गुरं आली म्हणून त्यानं सोडलं. पोर घरी पोचली ती फुटक्या बांगड्यांनी रक्ताळलेलं मनगट घेऊन.

संध्याकाळी बाळा तीच लाठी घेऊन दुकानाच्या पायरीवर बसला होता. थेट मास्तरांचा आवाज काढून म्हणत होता, "कोण अडवेल आपल्याला?" पायरीवरचे चौघे खिदळत, "बाऽऽळा!"

तुळसा मात्र दुकानावर गेली नाही. ती शेवंतीच्या घरापुढच्या खळ्यात आली.

"गो शेवंते! खंय लपलंस? भायर ये! माझ्या चेडवाक काय शिकवलंस गो? रहाट फिरवूक? तुझ्या भरवशार तां थंय उभ्या रवला, नायतर पळान तरी इला असता! उद्यापासून तेची शाळा बंद. घरात बसात, भात कांडीत, पण धड रवात!"

शेवंती दाजी मास्तरांकडे गेली. मास्तर शांतपणे म्हणाले, "पोरगी घाबरली. डावा पाय पुढे होता का तिचा?"

"मास्तर, पाणंद केवढी आसा?"

"पाणंदीचा काय संबंध? लाठी ही मैदानाची विद्या आहे."

"मगे बाळाक सांगा, मैदानात ये म्हणान!"

ती शिट्टीकडे अशा नजरेनं बघत होती की मास्तरांनी शिट्टी हळूच सदऱ्याच्या आत टाकली.

ती पाणंदीत गेली आणि लाठी आडवी धरून बघितली. लाठी चार हात, पाणंद अडीच हात. सहा वर्षं ती आणि तिच्या मुली याच वाटेनं लाठ्या उभ्या धरून जात होत्या, कारण आडव्या मावत नव्हत्या. तरी एकीच्याही डोक्यात उजेड पडला नव्हता! बाळाचा राग, मास्तरांचा राग, सगळे राग मागे पडले. तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

घरी येऊन तिनं लाठी करवतीनं कापली आणि दीड हाताचं दांडकं ठेवलं. भाऊ महादू बाजारात काजूच्या गोणी उचलायचा.

"महादू, माका धर."

"याड लागला काय तुका?"

"धर म्हणतंय ना!"

त्यानं दोन बोटांनी मनगट धरलं.

"मेल्या, प्रसाद घेतंस काय? आवळून धर!"

मग त्यानं आवळून धरलं, आणि शेवंतीला कळलं की तिला काहीच येत नाही. दोन महिने ती रोज नवं काही करून बघे. सुटका झाली नाही की ते टाकून देई. फिरवायला जागा लागते, खुपसायला लागत नाही. नारळ सोलताना सगळं अंग जमिनीत रोवलेल्या सुळ्यावर टाकतात, तसं ते दांडक्याच्या टोकामागे टाकायचं. मनगट सोडवायचं ते पकडणाऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूनं. महादूच्या बरगड्या काळ्यानिळ्या झाल्या. "बाजारात इचारतत माका," तो कण्हायचा, "बैलान मारल्यान काय म्हणान!"

मग ती तुळसाकडे गेली. "काकी, यशोदेक धाड."

"आधी माका दाखव. पाणंदीत."

तुळसाचे हात लाकडाच्या मोळ्या बांधून बांधून चिवट झालेले. तिनं मनगट धरलं, शेवंती सुटली. मग तुळसा समोरून अंगावर आली. दांडक्याचं टोक बरगडीखाली बसलं आणि तुळसा गडग्याला टेकली. मग ती मागे गेली, शेवंतीचा अंबाडा मुठीत धरला आणि खाली खेचला.

केस धरायचं महादूला कधी सुचलंच नव्हतं. शेवंती गुडघ्यांवर आली, चिखलात.

"सूट!" तुळसा म्हणाली. "सूट आता, लाठीवाले!"

"येना नाय!"

"काय?"

"ह्या माका येना नाय, काकी! शिकलंय नाय मी! सोड!" संतापानं तिचा आवाज चिरकला. सहा वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून निघालं नव्हतं. मास्तरांच्या तोंडून तर जन्मात नाही.

तुळसानं मूठ सोडली.

"माका येता," ती म्हणाली. "तेचो हात तुझ्याच डोक्यार दाबून धर, दोनय हातांनी. वडू नको. मगे वाक आणि गरकन फिर. मनगट मोडता."

"तुका कोणी शिकवल्यान?"

"कोण शिकवतलो? सातव्या खेपेक जमला."

शेवंती चिखलातून उठली.

"यशोदा सोमवारी शाळेत येतला," तुळसा म्हणाली. "तुझ्याकडेय येतला. जां येना नाय तां येना नाय म्हणान सांगतंस, म्हणान धाडतंय. आणि तेका ह्या आधी शिकव." ती पाठमोरी झाली, स्वतःचा अंबाडा सोडला. "धर."

शेवंतीनं बिचकत केस मुठीत घेतले.

"असा नाय गो!" तुळसा पाठमोरीच ओरडली. "जोरात! माझो घोव धरता तसा धर!"