गळाशिवाय मासेमारी: पैठणचे दोन दिवस

जावयाने न्यूझीलंडहून मासेमारीची काठी पाठवली, तेव्हा मी ती तशीच नळीत ठेवून कपाटावर टाकली. मासा मी खातो, पकडलेला मात्र एकही नाही. पण दिवाळीत तनुजाचा, म्हणजे माझ्या एकुलत्या एका मुलीचा, फोन आला. "बाबा, फेब्रुवारीत आम्ही दोघं येतोय. आठ दिवस!" मला आनंद व्हायच्या आधी धडकीच भरली. तिचं लग्न होऊन दोन वर्षं झाली. व्हिडिओवर जावई, म्हणजे लियम, "हाउ आर यू" म्हणतो, मी "फाइन" म्हणतो आणि पुढे आम्ही दोघंही तनुजाच्या तोंडाकडे बघत बसतो. आमच्या घरात बोलायचं खातं माझ्या बायकोकडे, मंगलकडे होतं. ती जाऊन तीन वर्षं झाली. आठ दिवस या माणसाला घेऊन मी करू काय? त्याला येतं त्यातलं एक तरी आपल्याला यायला हवं, असं ठरवलं आणि जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी काठी खाली काढली.

छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती स्थानकातून पैठणला एसटी भरपूर. तिकीट शंभराच्या आसपास. वेळ दीड तास धरा आणि मागच्या बाकावर बसू नका; माझी कंबर अजून ऐकवते आहे.

"काका, नळीत काय हाय?" कंडक्टरने विचारलं.

"काठी. मासे धरायची."

"मंग जाळं न्यायचं ना! काठीनं काय मारणार हाव का त्यान्ला?"

अख्खी गाडी हसली. मंगल असती तर तिने तिथल्या तिथे त्याला गप्प केलं असतं. मला उत्तर सुचलं ते वाटेतलं बिडकीन गाव मागे पडल्यावर, आणि ते सांगायला शेजारची सीट रिकामी होती.

पैठणला माझे गुरू रशीदभाई. कंपनीतल्या एका सहकाऱ्याने त्यांचा पत्ता दिला होता. वय साठीचं, स्टँडजवळ ऑम्लेटची गाडी. आठ वर्षं ते हिमाचलात मासेमारीला येणाऱ्या पाहुण्यांच्या कॅम्पवर स्वयंपाकी होते, तिथे बघून बघून हात बसला. जायचा बेत असेल तर एक लक्षात ठेवा: धरणाचा जलाशय पक्ष्यांचं अभयारण्य आहे, तिथे मनात आलं म्हणून गळ टाकता येत नाही. रशीदभाई तर शिकवताना गळ बांधतच नाहीत. "सीखनेकू पाणी कायकू, साहब? गवत बस है," म्हणाले आणि मला धरणाच्या खाली, घाटापासून लांब, नदीकाठच्या मोकळ्या गवतावर घेऊन गेले.

या प्रकारात गांडूळ नाही, वजन नाही. दोरीच्या टोकाला पिसांची खोटी माशी असते. माशीला वजन नसल्यामुळे फेकायची ती दोरीच. माशी तिच्यामागे जाते. काठी मागे न्यायची, दोरी मागे हवेत सरळ होऊ द्यायची, मग पुढे. सांगायला एवढंच. माशीच्या जागी रशीदभाईंनी लाल लोकरीचा तुकडा बांधला.

मी काठी मागे नेली आणि पुढे आणली. फाट्! असा काही आवाज निघाला की बगळे उडाले.

आता हे सांगायला हवं. आमचं घराणं मूळ मेंढपाळांचं, पाचोडकडचं. वडिलांनी शेती धरली. बैलाच्या अंगाला न लागता हवेत आसूड वाजवायचा, ही आमच्याकडे लहानपणीची परीक्षा, आणि मी त्यात गावात पहिला. चाळीस वर्षांनी मनगटाला ते बरोबर आठवलं. शेळ्या घेऊन थांबलेल्या एक आजी खूश झाल्या.

"लई झ्याक वाजिवला रं! अजून एकडाव!"

मी अजून एकदा वाजवला. छाती फुगली होती. रशीदभाई मात्र दोरीचं टोक हातात घेऊन उभे. लोकर गायब.

"आवाज नै होना, साहब. आवाज आया म्हणजे माशी गई. दोरी मागं पोचायच्या आत तुम्ही वढता."

दिवसभरात लोकरीचे अकरा तुकडे गेले. ज्या आवाजाला आजी वाहवा करत होत्या, तीच माझी चूक होती. संध्याकाळी रशीदभाई वैतागून एवढंच म्हणाले, "आपकू घाई लई है."

पाचशेत लॉजची खोली मिळाली. चादर बदलून मागा, देतात. जेवायला ज्वारीची भाकरी आणि शेवेची भाजी, झणझणीत. समोरच्या टेबलावर सहा जणांचं कुटुंब एकमेकांच्या ताटातलं उचलून खात होतं. मी पटापट जेवून उठलो. एकट्याने जेवायला फार वेळ लागत नाही.

रविवारी सकाळी रशीदभाईंनी मान वळवून मागे बघायला लावलं. "दोरी पूरी सिधी झाली, की मगच." मी बघत राहिलो. ती मागे जात होती, जात होती, आणि तेवढं थांबणं जिवावर येत होतं. तासाभराने ते ऑम्लेटची गाडी लावायला निघून गेले. आजीही आल्या नव्हत्या. आणि मग एकदा दोरी मागे सरळ झाली, पुढे आली आणि काही आवाज न करता गवतावर लांब पडली. लाल लोकर जागेवर.

"बघितलंस?" मी वळून म्हणालो. मागे कोणीच नव्हतं. मंगलला म्हणालो होतो, हे कळायला एक क्षण लागला. मग मी तिथेच गवतावर बसलो आणि रडलो. लिहायला लाज वाटते, पण रडलो.

दुपारच्या गाडीने परत आलो. मंगळवारी तनुजाचा फोन आला. लियमची रजा मंजूर झाली नाही, तिकिटं रद्द केली. "पुढच्या वर्षी नक्की, बाबा." मी बरं म्हणालो. काय वाटलं ते विचारू नका. फोन ठेवणार, तेवढ्यात तोंडातून निघून गेलं, "लियमला दे जरा."

शनिवारी आमची वेळ ठरली. गच्चीच्या कठड्याला फोन टेकवला आणि त्याच्यासमोर काठी धरली. पहिल्याच फेकीला फाट्! पलीकडून लियम ओरडला, "वेट! वेट!" मी थांबलो. त्याने त्याच्या अंगणात काठी आणली, हात कोपरात कसा वाकवायचा ते दाखवलं. "अगेन," तो म्हणायचा. मी पुन्हा फेकायचो. तनुजा मध्ये नव्हतीच; ती आत स्वयंपाक करत होती.

त्यांची जेवणाची वेळ झाली, फोन बंद झाला. शेवटच्या फेकीला दोरी शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या साडीत अडकली होती. शेजारच्या काकू कठड्याशी आल्या.

"कोणाशी चाललं होतं एवढं?"

"जावयाशी."

"अरे वा! कधी येताहेत?"

"यंदा नाही," मी म्हणालो, आणि त्यांच्या साडीतून दोरी सोडवायला लागलो.