मामीला बसवायला गेले आणि यवतमाळ पाहून आले

साठच्या दशकातल्या एका हिवाळ्यातली ही गोष्ट. उमरखेडच्या मुलींच्या शाळेत मी नुकतीच मास्तरीण झाले होते. शनिवारची सकाळची शाळा सुटली आणि मामीला नांदेडच्या एसटीत बसवायला मी स्टँडवर गेले. तिची गाडी निघून गेली. शेजारी यवतमाळची उभी होती, आणि खिडकीजवळची एक जागा रिकामी होती. जिल्ह्याचं ठिकाण म्हणून यवतमाळ मी वर्गात नकाशावर दाखवत असे, पण स्वतः कधी पाहिलं नव्हतं. पगारही कालच झाला होता. समोरच्या किराणा दुकानदाराला मी म्हटलं, "काका, घरी निरोप द्या. यवतमाळ पाहून उद्या येते."

"कोणासंगं?"

"एकटीच."

ते पुढे काही विचारायच्या आत मी गाडीत चढले.

महागाव मागे पडलं तशी धूळ वाढली. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, मध्येच सागाचं रान. आर्णीला गाडी बराच वेळ थांबली. तिथे आलूबोंडा खाल्ला. इतका तिखट होता, की त्यावर दोन चहा प्यावे लागले. यवतमाळला उतरले तेव्हा उन्हं कलली होती आणि हवेत छान गारवा होता. मी खुशीत होते. पहिल्याच लॉजपर्यंत ती खुशी टिकली.

"एकट्या बाईले खोली देत नाही आम्ही," तिथला व्यवस्थापक म्हणाला. माणूस तरुण होता, उद्धट मुळीच नव्हता, पण ऐकेना. परतीची गाडी थेट दुसऱ्या दिवशी. गावात ओळखीचं कुणी नाही. आता बाबांना कोणत्या तोंडाने सांगू, हा एकच विचार डोक्यात. तेवढ्यात आतल्या पडद्यामागून त्याची बायको बाहेर आली.

"खोली देत नसान तं नका देऊ," ती नवऱ्याला म्हणाली. "घर तं आपलं हाये ना?"

तिचं नाव सुमन. माझ्याच वयाची. लॉजच्या मागे त्यांच्या दोन खोल्या होत्या. तिने गरम भाकरी, वांग्याचं भरीत आणि कढी वाढली. जेवताना मी विचारलं, "इथं पाहण्यासारखं काय काय आहे?"

ती हसली. "मले कायले इचारता बाई? लग्न होऊन चार वर्षं झाली, पण बाजार सोडून मी काहीच नाही पाह्यलं. सकाळी गाडीची शिट्टी आयकू येते, तवा चहा मांडते. गाडी कशी असते, देव जाणे."

"मग उद्या चला माझ्याबरोबर."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो भाकरी कुस्करत म्हणाला, "सैपाकाच्या टायमाले घरी ये म्हणजे झालं."

रविवारी सकाळी आम्ही पायीच निघालो. यवतमाळ पायीच पाहावं, तेव्हाही आणि आजही. आधी स्टेशन. मूर्तिजापूरची छोटी गाडी फलाटाला लागली होती. इंजिन धुसफुसत होतं आणि डबे एखाद्या खेळण्यासारखे. सुमन थोडा वेळ नुसती पाहत राहिली. मग पदर खोचून सरळ डब्यात चढली आणि बाकावर जाऊन बसली. मीही मागोमाग चढले.

गार्ड आला. "मूर्तिजापूरले जाता काय?"

"नाही," सुमन म्हणाली. "बसून पाहून राह्यली."

त्याने हातातल्या हिरव्या निशाणाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "पाहा मंग. पण लवकर पाहा."

आम्ही उतरलो आणि गाडी हलली. वळणाआड जाईपर्यंत सुमन हात हलवत होती. डब्यातले अनोळखी लोकही तिला हात हलवून दाखवत होते.

तिथून केदारेश्वराचं जुनं दगडी देऊळ. आत इतका गारवा की तळपाय थंड पडले. मग कापसाचा बाजार. सोमवारच्या लिलावासाठी बैलगाड्या रविवारीच येऊन लागल्या होत्या, दूरवर पांढऱ्या ढिगांची रांग. सुमन एका गाडीपाशी थांबली. चुलीवर भाकरी थापणारी गाडीवानाची बायको तिला म्हणाली, "घाल बाई हात आत. ऊब हाये." सुमनने कोपरापर्यंत हात घातला आणि मलाही घालायला लावला.

परतलो तेव्हा नवरा दारातच उभा होता. स्वयंपाकाला उशीर झालाच होता. सुमन मात्र गाडीचं वर्णन करत सुटली: बाक कसे, खिडक्या कशा, गार्ड काय म्हणाला. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "आतून तं मीबी नाही पाह्यली." मग त्यानेच चूल पेटवली. माझ्याकडून खोलीभाडंही घेतलं नाही. "खोली दिलीच कुठं तुमाले?" म्हणाला.

दुपारच्या एसटीने मी निघाले. उमरखेडला पोचले तर अंधार पडला होता आणि बाबा स्टँडवर उभे. दुपारपासून आलेली प्रत्येक गाडी त्यांनी पाहिली होती, हे मला दुकानदारकाकांकडून नंतर कळलं. बाबांनी माझी पिशवी घेतली आणि चालू लागले. मग म्हणाले, "झोपली कुठं?"

मी सगळं सांगितलं. सुमनचं, गार्डचं, कापसात हात घातल्याचं. ते एकदा हसल्यासारखे वाटले. दारापाशी आल्यावर म्हणाले, "पुढच्या वेळी आधी सांगून जात जा."

घरात माय रागावली आणि खूप बोलली. मी मान खाली घालून ऐकत होते, पण कानात बाबांचे दोनच शब्द होते: पुढच्या वेळी. त्यांच्या जोरावर मी पुढे नागपूर पाहिलं, काशी पाहिली, आणि एकदा एकटीनेच समुद्रही पाहून आले.