मी झोपेत बंद केलेलं मशीन

हातातला चहा आधी संपवा, मग ऐका. मधेच ठसका लागला तर तेही माझ्यावरच यायचं. आधीच माझ्या नावावर एक पोरगी गेलेली आहे.

हो, गेलेली! मीच मारली. तीही भर सकाळी, बायकांच्या वॉर्डात, सगळ्यांच्या देखत. आणि मारली तेव्हा मी झोपलेलो होतो!

घाबरू नका, पोरगी पुस्तकातली होती. पण हे आता तुम्हाला सांगता येतंय. त्या दिवशी वॉर्डात कुणी ऐकून घेईल तर शपथ!

झालं असं. माझी धाकटी बहीण मनी, दहावीला आहे. तिचा टायफॉइड उलटला आणि तिला नगरला दवाखान्यात ठेवावं लागलं. ताप उतरला, पण पोरगी जेवेना. डॉक्टर म्हणाले, "औषधानं आपलं काम केलंय. आता पोटात अन्न गेलं तरच ही उठेल." आई वाटी-चमचा घेऊन बसायची आणि मनी तोंड फिरवायची. हातांच्या नुसत्या काड्या झाल्या होत्या. सलाईन लावायला शीर सापडत नव्हती.

मी नागापूरला एमआयडीसीत, एका छोट्या वर्कशॉपमध्ये प्रेस मशीनवर. तेव्हा नेमकी रात्रपाळी. सकाळी सुटलो की तसाच दवाखान्यात. मग आई मावशीकडे जाऊन, आंघोळ उरकून, डबा घेऊन दुपारी यायची. तोवर मनीजवळ मी. आणि झोप? झोपेचं नाव काढू नका. एकदा मी रस्त्यात उभ्या टेम्पोला टेकून डोळे मिटले, तर टेम्पो गेला निघून! मी आहे तिथंच, तिरका.

त्यात मनीच्या मैत्रिणीनं शाळेच्या लायब्ररीतलं एक पुस्तक आणून दिलं. तिसऱ्या चंद्रावर राहणाऱ्या एका मुलाची गोष्ट. त्याच्या बहिणीला असा आजार, की अंगातला उजेड रोज थोडा कमी होत जातो. तिला काचेच्या यंत्रात ठेवलंय, यंत्र चालू आहे तोवर तिचा श्वास चालू. आणि हा भाऊ खाऱ्या समुद्रापलीकडून उजेडाचं बी आणायला निघालाय. सोबत एक यंत्रमानव आणि एक लोखंडी पक्षी.

मनी म्हणाली, "दादा, मला अक्षरं नाचताना दिसतात. तू वाच."

"मग जेवशील?"

"एका पानाला एक घास."

मी नववीतून शाळा सोडलेला. मोठ्यानं वाचायचं म्हटलं की माझे कान तापतात. त्यात समोर सगळ्या बायका! मी आपला मनीच्या कानाशी पुटपुटायला लागलो.

"ए बाळा! मोठ्यानं वाच की. आमाला काय कान न्हाईत?"

या पलीकडच्या खाटेवरच्या माई. पुणतांब्याच्या. पाय प्लास्टरमध्ये, पण आवाज गोदावरीच्या पलीकडं पोचेल असा.

"माई, ते... मनीचं पुस्तक आहे."

"पुस्तकच वाचत्यात रं, भाकर कोन वाचतंय? आन् चपला काढ आदी! अध्याय वाचाया बसलायस का बाजारला चाललायस?"

आता बघा, तिथंच सांगायचं होतं की माई, ही पोथी नाही. पण मी कसला माणूस? एसटीत कंडक्टरला 'थांबा' म्हणायची लाज वाटते म्हणून पुढच्या गावाला उतरून मागं चालत येणारा. मी मुकाट्यानं चपला काढल्या.

झालं! दुसऱ्या दिवशी पुस्तकावर शेवंतीचं फूल. मग कुणाच्या तरी सुनेनं प्रसादाला खडीसाखर आणली. माईंनी नियम घातला, की अध्याय अर्धा सोडायचा नाही. मला डुलकी लागली की त्या काठीनं ढोसायच्या. वर जमलेल्या बायकांना अर्थही सांगायच्या. "लोखंडी पक्षी म्हंजी गरुडच समजा. काळ बदालला, गरुड बी लोखंडाचा झाला."

एकदा सिस्टर ओरडत आल्या, "उदबत्ती कुणी लावली? इथं ऑक्सिजन आहे, कळतं का!" उदबत्ती विझवली आणि मग दाराला टेकून स्वतःच अध्याय संपेपर्यंत उभ्या राहिल्या.

मी काय बोलणार? कारण मनी जेवत होती हो! पानाला घास, पानाला घास, करत करत मऊ भाताची वाटी संपायला लागली. माई तर सगळ्यांना सांगायच्या, "पोथीतली पोरगी ज्या दिशी उठंल, त्याच दिशी आपली मनी बी उठून बसंल. बगाच तुमी."

मनी हसायची. पण एकदा हळूच म्हणाली, "दादा, ती बरी होते ना रे?"

"होते की!" म्हणालो. पुढचं मी वाचलेलं कुठं होतं? आंघोळीला वेळ नव्हता, पुढची पानं कधी वाचणार?

आणि मग तो दिवस. आदल्या रात्री वर्कशॉपमध्ये अर्जंट ऑर्डर, पाठ टेकायला मिळाली नव्हती. पोचलो तर सगळा वॉर्ड तयारीत. समाप्तीचा अध्याय ना! मनीनं चमचा हातात धरलेला, पहिला घास तयार.

मी सुरू केलं. भाऊ परत आलाय. मुठीत उजेडाचं बी आहे. ते बहिणीच्या कपाळाला लावेपर्यंत यंत्र चालू राहिलं पाहिजे. "तो काचेजवळ आला. यंत्राचा हिरवा दिवा लुकलुकत होता. त्यानं हात पुढे केला आणि..."

इथून पुढचं मला मागाहून कळलेलं. म्हणे मी थांबलोच नाही. पुस्तक हातात, डोळे मिटलेले, आणि आयुष्यात पहिल्यांदा न अडखळता, खणखणीत आवाजात म्हणालो,

"चला, शिफ्ट संपली. मशीन बंद करा. मेन स्विच खाली घ्या. पुसून घ्या आणि झाकून ठेवा."

माईंनी कसंबसं विचारलं म्हणे, "आन् पोरगी रं?"

आणि मी झोपेतच, "तो पीस रिजेक्ट आहे. बाजूला टाका."

मला जाग आली ती रडण्यानं. माई पदरात तोंड घालून बसलेल्या. बायका डोळे पुसतायत. मनीनं चमचा खाली टाकून भिंतीकडं तोंड केलेलं. मी अनवाणी, हात जोडून उभा, कारण समाप्तीला हात जोडतात एवढंच आठवलं.

आणि त्या दिवशी आई नेमकी लवकर आली, त्याच क्षणाला दारात! तिनं काय पाहिलं? लेकीच्या खाटेभोवती रडणाऱ्या बायका, लेक निपचित, आणि पोरगा हात जोडून. डबा पडला. वरणाचा ओघळ सिस्टरच्या चपलेपर्यंत.

"मनेऽऽ! माझी मनी गंऽऽ!"

मनी दचकून उठली. "आई, मी हाय गं! ती दुसरी मेली!"

"दुसरी कोण?"

"दादानं मारली!"

आईनं पुढचं काही विचारलं नाही. आधी एक ठेवून दिली.

मी गयावया केली. "असं पुस्तकात नाही हो! मी झोपेत बोललो!" पण माई ऐकेनात. "लिवलं असल्याबिगर तोंडात कसं आलं? आमच्या आयुष्यात कुनी पोथी वाचताना मशीन बंद केलं न्हाई."

एवढं हसण्यासारखंच होतं. पण मनी जेवेना. दुपार गेली, संध्याकाळ गेली, तोंड मिटलेलंच. आईची वाटी पुन्हा भरलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रात्रपाळी करून आलो, पुस्तक उघडलं, तर ती भिंतीलाच म्हणाली, "नको वाचू. आता तू मला बरं वाटावं म्हणून खोटंच वाचशील."

माझ्या अंगात भांडायचंही बळ नव्हतं हो. मी पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. "मग तूच वाच. मला नाही जमत."

बराच वेळ तिनं हात लावला नाही. मग एक पान उलटलं. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत. मग दुसरं. माई मान उंचावून बघतायत, सिस्टर इंजेक्शन हातात धरून थांबलेल्या.

"उठली," मनी म्हणाली. "आई, उठली गं ती! डोळे उघडले!"

"मंग मोठ्यानं वाच की!" माई.

मनी उशीला टेकून बसली आणि मोठ्यानं वाचायला लागली. स्वच्छ, सरळ. पानापानाला आई घास भरवत होती. माई मधेच म्हणाल्या, "आत्ता कळाली गोष्ट! येवढे दिस मी समजत हुते, यंत्रमानव त्या पोरीचा मामा हाय."

हे मी खाटेखालून ऐकत होतो. म्हणजे थोडंच ऐकलं. फरशी गार होती आणि मला आता कुणी वाचायला सांगणार नव्हतं. सिस्टर मला उठवायला वाकल्या तेव्हा माईंचा आवाज आला, "झोपू द्या बाई त्याला. पर पुस्तक तेवढं लांब ठिवा त्याच्यापून."

मनी घरी आली, आता शाळेतही जाते. भांडते, म्हणजे बरी आहे.

माझं मात्र काहीतरी बिघडलं. शिफ्ट संपली की मशीन बंद करायला हात जातो आणि थांबतो. वाकून आत बघतो. कुणी नाही ना? मग स्विच खाली.

सुपरवायझरनं एकदा धरलंच. "काय रे, रोज आत काय शोधतो?"

मी आपलं खरं ते सांगितलं. "काही नाही साहेब. आत पोरगी नाही ना, बघत होतो."

दुसऱ्या दिवसापासून मी पॅकिंगला आहे. तिथं बंद करण्यासारखं काहीच नाही.