मोरित्सच्या गाडीचा काळा धूर

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा नव्हे. मुंबईत माझगावच्या एका गॅरेजात मी अकरा वर्षं काढली. गाडी बंद पडली की गाडीवाला लिंबू-मिरची बांधायचा आणि मी प्लग काढून बघायचो. गाडी कशाने चालू व्हायची ते तुम्हीच ठरवा. या सदरातले अनुभव वाचतानाही मला वाटायचं, या मंडळींचं टायमिंग बिघडलंय. पण आता ऐंशी उलटली. पोटात किती दिवस ठेवायचं…

गोष्ट ५३-५४ सालची. मुंबई सोडून इस्राएलला येऊन आम्हांला दीडेक वर्ष झालं होतं. वाळवंटात येरुहामला नव्या आलेल्यांची छावणी होती — पत्र्याच्या खोल्या, नळाला रांग, आणि धूळ तर भाकरीतसुद्धा. मी तिथे हाताला येईल ते दुरुस्त करायचो. छावणीला एकच पिकअप, युद्धात वापरून जुना झालेला. पिठाची पोती आणायला तोच आणि आजाऱ्यांना बीरशेबाच्या इस्पितळात न्यायलाही तोच. चालवायचा मोरित्स, रुमानियाचा, तिशीतला, गप्पिष्ट गडी. बीरशेबात आईजवळ राहायचा, सकाळी यायचा, संध्याकाळी जायचा. आमची दोघांची हिब्रू सारखीच मोडकी, म्हणून आमचं छान जमायचं.

एकदा तो म्हणाला, गाडी मधूनच काळा धूर ओकते, पेट्रोलचा वास मारते, ओढत नाही. म्हणजे रिच चालते — पेट्रोल जास्त, हवा कमी. यात काय मोठंसं! एअर फिल्टर धुतला, चोकची केबल पाहिली. कार्बोरेटर खोलून फ्लोट गरम पाण्यात बुडवला. भोक असेल तर बुडबुडे येतात. एक बुडबुडा नाही. सुई ठीक, जेट ठीक. प्लग चहाच्या रंगाचे, जसे हवेत तसे. माझ्यासमोर गाडी सुतासारखी सरळ!

माझ्या उस्तादाची शिकवण होती — दोष दिसत नसेल तर पाना खाली ठेव आणि ड्रायव्हरला विचार. थंड असताना की गरम? चढावर की उतारावर? भरलेली की रिकामी? मी मोरित्सला बसवून एकेक विचारलं. पोती असताना धूर? नाही. रिकामी येताना? कधीच नाही. पाय मोडलेल्या पोराला नेलंस तेव्हा? नाही. मग कधी? तो आठवून सांगू लागला. येमेनी म्हाताऱ्याला नेलं तेव्हा. इराकी चांभाराला नेलं तेव्हा. आणि ती अडलेली बाळंतीण, तिच्या वेळी तर मागचं काही दिसेना.

माझ्या हातातला फडका हातातच राहिला. आम्हां यहुद्यांत माणूस गेलं की सात दिवस घरी प्रार्थना होते आणि तिला दहा पुरुष लागतात. छावणीत एक नेहमी कमी पडायचा, मग मला हाक. त्या तिन्ही घरी दहावा मी होतो. मोरित्सला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो माणसं इस्पितळाच्या दारात सोडायचा आणि पुढच्या कामाला लागायचा. मी म्हटलं, योगायोग. आजारीच माणसं नेतो, त्यातली काही जाणारच. पेट्रोलमध्ये कचरा असेल, असं त्याला सांगून मी मोकळा झालो.

महिन्याभराने माझी बायको रिबका, आठव्या महिन्यातली, सकाळी पोट धरूनच उठली. अंगावरून रक्त जाऊ लागलं. नर्स म्हणाली, आत्ताच्या आत्ता बीरशेबा. मोरित्सने मागे गादी टाकली, मी रिबकाचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. निघताना पहिली नजर सायलेन्सरवर गेली. स्वच्छ होता.

दहाएक मैल गेलो असू. इंजिन अडखळलं, पेट्रोलचा भपकारा आला… आणि मागे काळा धूर.

केबिनवर थापा मारून मी गाडी थांबवली. मोरित्सने इंजिन चालूच ठेवलं. रिच चालणारी गाडी गरम असताना बंद केली की लवकर चालू होत नाही. मी रिबकाला उचलून कडेच्या बाभळीखाली टेकवलं. ती कळवळून म्हणाली, अहो, काय करताय, मला इस्पितळात न्या. मागून सकाळची बस येतेय, म्हटलं, या गाडीत तू बसायचं नाहीस. आणि वळून बघितलं. ती उतरली की धूर थांबणार, अशी माझी खात्री होती.

थांबला नाही.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. म्हणजे हा तिच्यासाठी नाही! मग ध्यानात आलं, तिच्याखेरीज गाडीत आम्ही दोघंच होतो. एक मोरित्स, आणि एक मी.

मोरित्स म्हणाला, बस येईपर्यंत मी थांबतो तुमच्यासोबत. "गाडी सोड, आमच्याबरोबर बसनेच चल" — एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं. पण ती गाडी रिबकापासून, माझ्यापासून लांब जायला हवी होती, आणि ती न्यायला माणूस लागत होता. मी म्हटलं, तू हो पुढे, इस्पितळात सांगून ठेव.

त्याने धुराकडे बघितलं आणि हसला. "पोचेल ना रे? मेकॅनिक तू आहेस."

"पोचेल," मी म्हणालो.

वीसेक मिनिटांनी बस आली. चार-पाच मैलांवर पिकअप दिसला. कडेला नीट लावलेला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू. मी उतरून धावलो. मोरित्स स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता. अंगात ऊब होती, श्वास नव्हता. कोणी म्हणेल धुराने गुदमरला, तर दोन्ही काचा उघड्या होत्या आणि वारा आरपार वाहत होता. आणि ते इंजिन… शिवणयंत्रासारखं एका लयीत चाललं होतं. धुराचा धागा नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. रिबका त्याच दुपारी बाळंत झाली. मुलगी, लहानशी पण ठणठणीत. आज तिला नातवंडं आहेत.

मोरित्सच्या आईकडे गेलो तेव्हा तिने माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, माझा मुलगा तुझ्या बायकोसाठी धावत होता, चांगलं काम करताना गेला. निघताना कसा होता, विचारलं. हसत होता, मी सांगितलं. तिने बाळासाठी विणलेलं टोपडं माझ्या हातात ठेवलं.

पुढे मी ती गाडी दोनदा पूर्ण खोलली. काही म्हणजे काही सापडलं नाही. चाळीस वर्षं इंजिनांत घातली, पण त्या धुराचं कारण मला सांगता येत नाही. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर जरूर लिहा.

टोपडं घेऊन घरी आलो, तेव्हा रिबका बाळाला पाजत होती. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "तुम्हांला माहीत होतं ना?"

मी हो म्हणालो.