हळद लावलेली सालं

अंधेरीतल्या आमच्या प्रयोगशाळेत कायटोसन बरणीतून येतं, तयार, पांढरंशुभ्र. ते कोलंबीच्या सालांपासून बनतं, एवढं एकदा जेवताना आईला सांगितलं आणि फसले. आम्ही त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण करतो, त्यांत औषध भरतो, ते जखमेत हळूहळू सुटतं, हे पुढचं तिने ऐकलंच नाही. दुसऱ्या दिवसापासून बोरिवलीच्या आमच्या गॅलरीत सालं वाळू लागली.

शुगरमुळे तिच्या डाव्या टाचेला रुपयाएवढी जखम झाली होती, काही केल्या भरत नव्हती. लेकीचं औषध आपल्याच टाचेसाठी चाललंय, अशी तिची पक्की समजूत. सालं धुऊन, हळद चोळून, कडक वाळवून ती डबा माझ्या हातात द्यायची.

"हळद कशाला लावतेस गं? सगळं वाया जातं," मी एकदा वैतागले.

"जखमेक बरी असता," ती म्हणाली आणि चोळत राहिली.

सालं आम्हाला लागत नाहीत, हे सांगायची हिंमत झाली नाही. डबे मी प्रयोगशाळेच्या कपाटात तळाशी ठेवत गेले. दर रविवारी तिचं ठरलेलं, "झाला काय गो तुझा औषध?"

"अजून उंदरांवर चाललंय."

"उंदरांका लावतंस, मगे माका कित्याक नाय?"

मी हसायचे. माणसांवर वापरायला परवानगी लागते, त्याला वर्षं जातात, हे तिला काय समजावणार?

मागच्या वर्षी आई गेली. जखम तशीच उघडी होती. तिची फार आठवण येते. खाली कोळीण ओरडली की वाटतं, आतून आवाज येईल, 'सालां टाकू नको गो!'

गेल्या शनिवारी सगळे घरी गेल्यावर मी शेवटचा डबा उघडला. सालांवर कॉस्टिक सोड्याचं पाणी ओतलं आणि ते लालभडक झालं. सोडा, चुना अशा क्षाराने हळद लाल होते, कुंकू त्यानेच बनतं, हे मला पाठ होतं. तरी बेसिनपाशी उभी राहून मी ओक्साबोक्शी रडले.

मग धुतलं, आम्लात सालांतला चुना काढला, पुन्हा कॉस्टिकमध्ये उकळलं. चमचाभर पूड उरली. नाकाला लावून पाहिली, कोलंबीचा वास राहिला नव्हता. तिचे कण केले, त्यांची पातळ पट्टी वाळवली आणि कात्रीने गोल कापली.

माप घ्यावं लागलं नाही.